पुष्पाच्या तोंडची काळी

जव्हारच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या पुष्पा भोयेला मुलं 'भोये मॅडम' म्हणतात. मोखाड्याकडच्या पाड्यांवर मात्र ती अजूनही 'थाळीवाल्या जिव्याची पोर' आहे. अलीकडे काही लोक तिच्याकडे तिसऱ्याच कामासाठी यायला लागले आहेत. ते काम तिनं कधी मागून घेतलं नव्हतं. ते तिच्या अंगावर कसं आलं, त्याची ही हकिकत.

जिव्या भोयेची थाळी काशाची होती, कडेला एक टवका उडालेली. तिच्या मधोमध तो मेणाचा गोळा चिकटवायचा, मेणात एक सरळ, गुळगुळीत काडी उभी करायचा आणि त्या काडीवरून दोन्ही हातांची बोटं आळीपाळीनं खाली ओढायचा. थाळीतून भुंग्यासारखा लांबट आवाज निघायचा. नवख्या माणसाला तो कुठून येतोय ते चटकन कळायचं नाही. त्या आवाजावर जिव्या कथा सांगायचा. पाड्यात कुणी गेलं, त्याचं दिवसकार्य ठरलं की जिव्याला बोलावणं यायचं. थाळी लागली की गेलेल्याला वाट सापडते, अशी तिथली समजूत.

बायका थाळी लावत नाहीत. पण जिव्याला मुलगा नव्हता, आणि पुष्पा आश्रमशाळेत सातवीला असताना अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात गेला. त्यानंतरच्या सुट्टीत आलेलं बोलावणं परतवायला त्याचं मन होईना. तो पोरीला घेऊन गेला. कथा बापानं सांगितली, काडीवर बोटं पोरीची. लोक थोडे कुरकुरले. पण आवाज तोच आला, मग गप्प बसले.

थाळीचा एक रिवाज होता. सांगणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसायचा आणि प्रत्येक ओळीला 'हां' म्हणायचा. त्याचा 'हां' आल्याशिवाय कथा पुढं सरकायची नाही. दुसरा रिवाज बहुधा जिव्याचा स्वतःचा. कथेत कुणीही येवो, राजा, राणी, मेलेला माणूस, तो 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' असंच सांगायचा. 'मी' कधी म्हणायचा नाही. पुष्पानं एकदा हौसेनं राणीचं बोलणं राणीसारखं ठसक्यात म्हणून दाखवलं, तर बापानं डावा हात थाळीवर ठेवून आवाजच बंद केला.

"आपण सांगणारं," तो म्हणाला. "आपल्या तोंडात कुणाला बसवायचं नाय, पोरी. बसलेलं उठंल का नाय, कुणाला ठावं?"

पुढं पुष्पा शिकत गेली. जव्हारला बी.ए., नाशिकला एम.ए. समाजशास्त्र तिला आवडलं, कारण घरी ज्या गोष्टी 'असंच असतं' म्हणून सोडून दिल्या जायच्या, त्यांना इथं 'असं का?' म्हणून विचारता येत होतं. दिवाळी झाली, नागली-भात घरात आलं की निम्मा पाडा कामाला बाहेर पडतो, दारांना आडव्या काटक्या लावल्या जातात आणि मागं म्हातारी माणसं आणि कोंबड्या उरतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत हे तिला नाशिकला कळलं. त्या पुस्तकांत सगळे जाणारे होते. मागं राहणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहिलं नव्हतं. तिनं सेट दिली, काही वर्षं तासिका तत्त्वावर काढली, मग जव्हारलाच कायम झाली. जिव्या त्याच वर्षी वारला. बापाच्या दिवसाला थाळी तिनंच लावली, कथाही तिनंच सांगितली.

कॉलेजात मराठी शिकवणारे गौतम सर नाटकवेडे होते. युवा महोत्सवासाठी मुलांना घेऊन नाटुकली बसवायची, बाजाराच्या दिवशी रस्त्यावर खेळ करायचे, हा त्यांचा नाद. पुष्पाला थाळी लावता येते हे कळल्यावर त्यांनी तिला सोडलंच नाही. तीही ओढली गेली. आठवडाभर वर्गात कुटुंबसंस्था आणि सामाजिक गतिशीलता शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ढोलकी, थाळी आणि सातआठ मुलं जीपमध्ये घालून मोखाडा, खोडाळा, कधी थेट ठाण्यापर्यंत जायचं, असं तिचं सुरू झालं. स्टाफरूममधले काहीजण चेष्टा करत. पीएच.डी.च्या गाइड नीता प्रधान मॅडम चेष्टा करत नसत. त्यांना काळजी वाटायची.

"तू चांगली संशोधक आहेस," त्या एकदा म्हणाल्या. "आणि तू चांगली सोंगंही काढतेस, असं ऐकते. दोन्ही कर, पण दोन्ही त्याच माणसांबरोबर नको करूस."

पुष्पानं तेव्हा मान डोलावली होती.

पीएच.डी.साठी मागं राहणाऱ्यांच्या मुलाखती घेत ती मोखाड्याकडच्या वांगणी पाड्यावर गेली आणि तिथं तिला सुकरी भेटली. सुकरी साठीला टेकलेली, उंच, सुरकुतलेली, बोलताना दुसरीकडेच बघणारी बाई. तिची मुलगी काळी टोळीबरोबर कामाला गेली ती परत आली नव्हती. टोळीतली बाकीची माणसं होळीला घरी आली. ठाण्याकडच्या बांधकामावर होतो, एक दिवस काळी दिसेनाशी झाली, एवढंच त्यांनी सांगितलं. कुणी म्हणालं पळून गेली, कुणी म्हणालं दुसऱ्या टोळीत गेली. मोठा मुलगा ढवळू दोनदा शोधून आला. पाच वर्षं झाली होती.

सुकरी रडली नाही. काळी कशी चालायची, रागावली की कशी हात मागं बांधून उभी राहायची, 'आये' म्हणताना शेवट कसा लांबवायची, ते तिनं उठून करून दाखवलं. पुष्पानं ते सगळं टिपून घेतलं.

"तुमची गोष्ट आम्ही नाटकात घेतली तर चालेल का, मावशी? नाव बदलू."

"नाव कशाला बदलतीस?" सुकरी म्हणाली. "नाव घे. गावोगाव घे. कुणी तरी ऐकंल."

नाटक तयार झालं. मागं राहिलेल्या माणसांच्या चारपाच हकिकती, मधे थाळी. काळीची हकिकत शेवटी. पुष्पा ती बापाच्या रिवाजानं सांगायची: ती निघाली, ती म्हणाली, ती वळली. तालमीत गौतम सरांनी दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि मग हात जोडले.

"पुष्पा, ही कथा झाली. मला काळी पाहिजे. उभी राहा आणि बोल. 'ती ती' करून समोरचा माणूस हलत नाही."

"मला नाही जमणार सर."

"तुलाच जमेल. तू तिच्या आईकडून शिकून आलीस."

शेवटी ती उभी राहिली. डोक्यावर गाठोडं घेतलं, पदर खोचला, हात मागं बांधले आणि लांबवून म्हणाली, "आयेऽ, मी निघाले." मोखाड्याच्या आठवडे बाजारात पहिला खेळ झाला तेव्हा भाजीवाल्या बायका डोळे पुसत होत्या. एका म्हातारीनं येऊन पुष्पाच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. पुष्पाला ते आवडलं. ते तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

वांगणीचा खेळ दसऱ्यानंतर, लोक बाहेर पडायच्या आधी ठेवला होता. शाळेच्या पटांगणात, दुपारी. ऊन अजून कडक होतं. पुढच्या रांगेत गोणपाटावर सुकरी बसलेली, मागं झाडाला टेकून ढवळू उभा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. काळीचा भाग आला. पुष्पानं गाठोडं उचललं, हात मागं बांधले. "आयेऽ, मी निघाले." आणि दोन पावलं चालून थांबली. इथं ढोलकी वाजायची आणि खेळ संपायचा.

ढोलकी वाजायच्या आत सुकरी उठली.

"काळे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. घरातल्या घरात हाक मारावी तसा. "कुठं हायस गं तू?"

ढोलकीवरचा मुलगा गौतम सरांकडं बघायला लागला. पुष्पाला आठवतं ते इतकंच, की आपण आता हात सोडून म्हणावं, 'मावशी, मी पुष्पा,' असं तिनं ठरवलं होतं. तिनं तोंडही उघडलं होतं.

"मी पाण्याजवळ हाय, आयेऽ," ती म्हणाली. "पाय ओले हायत माझे."

"मंग ये की घरी."

"येते. दार लावू नको."

सुकरी खाली बसली. चेहरा असा, की सगळं विचारून झालं, आता काही राहिलं नाही. गौतम सरांनी घाईघाईनं स्वतःच ढोलकीवर थाप मारली आणि खेळ संपवला. परतीच्या जीपमध्ये ते म्हणाले, "काय सुचलं गं तुला! अंगावर काटा आला." पुष्पा खिडकीबाहेर बघत होती. सुचलं नव्हतं. सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिथं गेलाच नव्हता.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. वर्गात शिकवताना मधेच तळपाय गार लागायचे. ती टेबलाखाली बघायची. चपला कोरड्या, फरशी कोरडी. एकदा हजेरी घेताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माझं नाव घेतलंत का?" आणि पुष्पाच्या तोंडून "नाय गं" असं निघालं, शेवट लांबवून. मुलं हसली. मॅडम गावच्या भाषेत बोलल्या म्हणून हसली. पुष्पा फळ्याकडं वळली आणि खडू हातात घेऊन उभी राहिली. पुढं काय लिहायचं होतं ते तिला आठवेना. घरी आरशापुढं वेणी घालताना तिच्या लक्षात आलं, की आपण मधेच हात खाली सोडून पाठीमागं बांधून उभ्या आहोत.

तिनं नीता मॅडमना फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. गार पडणाऱ्या पायांचं नाही, फक्त पटांगणातलं.

"तू मुलाखत देणाऱ्या बाईला उत्तर दिलंस?" मॅडम म्हणाल्या. "तू विचारणारी आहेस, पुष्पा. तिच्याकडून घ्यायचं सोडून तू तिला माहिती दिलीस. आणि तीही खोटी."

"खोटी आहे का ते मला ठाऊक नाही, मॅडम."



"हे वाक्य मी ऐकलं नाही असं समजते," मॅडम म्हणाल्या. "त्या बाईकडे जा आणि नीट सांगून ये."

पुष्पा जाणार होती. आज जाऊ, परीक्षा संपली की जाऊ, असं करत राहिली. तिच्या आधी ढवळूच आला.

तो सकाळच्या जीपनं जव्हारला उतरला होता आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर तिची वाट बघत बसला होता. पुष्पानं त्याला पटांगणात लांबून पाहिलं होतं, तेवढीच ओळख. चाळिशीचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, बहुधा खास आज घातलेला. तिला बघून तो उठला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"बाई, आमी काळीचं दिवस घालनार होतो," तो म्हणाला. "पळसाच्या पानांचा पुतळा करून. समदं ठरलेलं. आये किती वरसांनी राजी झालेली. आता ती नाय म्हणते. काळी येनार म्हणते. दार लावू देत नाय. कुत्री घरात शिरतात, थंडी शिरते, पन दार उघडं. उंबऱ्यात गोणपाट घडी करून ठेवलंय. काळीचे पाय पुसायला."

"दादा, चूक माझी झाली. मी येऊन मावशींना सांगते की ते नाटक होतं."

ढवळूनं हळू आवाजात विचारलं, "तुमाला पाण्याचं कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"मुकादम भेटला का?"

"कुठला मुकादम?"

तेव्हा ढवळू खाली बसला. पायरीवर, दोन्ही हात डोक्याला लावून. मुलं शेजारून वर-खाली जात होती. त्यानं सांगितलं ते असं. दुसऱ्यांदा शोधायला गेला तेव्हा मुकादमानं बोलता बोलता कबूल केलं, की बांधकामाचं काम मधे थांबलं म्हणून दोन-तीन बायकांना त्यानं काही दिवस खाडीकडच्या मिठागरावर पाठवलं होतं. काळी त्यांत होती. भरतीच्या वेळी ती बांधावरून परतत होती, आणि मग कुणाला दिसली नाही. पुढं खाडीच्या चिखलात एका बाईचं प्रेत सापडलं. कुणी ओळखायला आलं नाही म्हणून सरकारी खर्चानं जाळलं. ढवळूनं तिथल्या चौकीत फोटो पाहिला. चेहरा कळण्यासारखा नव्हता. मनगटावरचं गोंदण कळलं. सुकरीनं स्वतः मोखाड्याच्या बाजारात बसून गोंदवून घेतलेलं.

"घरी येऊन सांगनार होतो," तो म्हणाला. "आये दारात उभी. मला बघून विचारलं, सापडली? मी बोललो, नाय. एकदा नाय बोललो, मंग दर वेळी नायच बोलत गेलो. कुनाला सांगितलं नाय, बायकोला पन नाय. आन् तुमी भर दुपारी, समद्या गावासमोर बोललात, पाण्याजवळ हाय."

त्या आठवड्यात पुष्पानं मुलाखतींची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. वांगणीतल्या कुणी खाडीचं, मिठागराचं नाव चुकून घेतलं असेल, आपल्या कानावरून गेलं असेल, असं तिला वाटलं. तसं काही सापडलं नाही. मग तिनं मनाशी दुसरी मांडणी केली. इकडची निम्मी माणसं नदीवर, खाडीवर, धरणावर कामाला जातात. हरवलेली बाई पाण्याजवळ आहे म्हणणं अंदाजानंही बरोबर यायचं. एखाद्या विद्यार्थ्यानं हा किस्सा सांगितला असता तर तिनं फळ्यावर हेच लिहून दाखवलं असतं. मांडणी चोख होती. ती करून झाल्यावर पुष्पानं पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घालून बसली, कारण फरशीवर ठेवले की ते गार पडत होते.

वांगणीला जायचं ठरलं. ढवळू म्हणाला, "तुमीच सांगा बाई. काळी होऊन सांगा, की मी गेले. तुमचं ती ऐकंल. माझ्यानं हुनार नाय."

"नाही," पुष्पा म्हणाली. "काळी होऊन मी आता काहीच सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, दादा. मी शेजारी बसेन."

जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढं पायवाट. पावसाळ्यात वाहून गेलेली ओहोळावरची मोरी अजून दुरुस्त झाली नव्हती. पाण्यातून उतरावं लागलं. पुष्पानं चपला हातात घेतल्या, साडी वर धरली आणि पलीकडे गेली. ढवळूनं पुढचं वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे, त्याचे ओठ हलत होते.

घराचं दार उघडं होतं. सुकरी ओट्यावर नागली निवडत बसली होती. तिनं मान वर केली. पुष्पाच्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही. तिची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली.

पुष्पानंही खाली पाहिलं. पाय घोट्यापर्यंत ओले होते. चपला अजून हातातच होत्या. ओट्यापर्यंतच्या मातीत ओल्या पावलांची रांग उमटलेली.

"आलीस," सुकरी म्हणाली.

भर दुपार होती, कोंबड्या फिरत होत्या, शेजारच्या घरात कुणाचा तरी मोबाइल वाजत होता. पुष्पाला पळत सुटावंसं वाटलं. पण तेवढ्यात सुकरीनं उंबऱ्यातलं गोणपाट आणलं, खाली बसली आणि तिचे पाय पुसायला लागली. बोटांमधून, टाचेवरून, सावकाश. पुष्पाला तिला थांबवता येईना. तोंडाशी शब्द आले होते, ते तिचे नव्हते हे तिला नीट कळत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"मावशी," शेवटी तिनं स्वतःच्या आवाजात म्हटलं. "मी पुष्पा. जव्हारची. ढवळूदादांना तुमच्याशी बोलायचंय."

ढवळूनं सांगितलं. अडखळत, मधेच थांबत, पण सगळं सांगितलं. मुकादम, मिठागर, चिखल, चौकी, गोंदण. सुकरी गोणपाट हातात धरून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं, "तुला कवापासून ठावं?"

"चार वरसं झाली, आये."

ती त्याच्याशी त्या दिवशी पुढं एक शब्द बोलली नाही. पुष्पाकडं वळली.

"म्हंजे ती पाण्याजवळच हाय."

"हो, मावशी."

"मंग त्या दिवशी कोन बोललं? तू का ती?"

पुष्पाकडं दोन उत्तरं तयार होती. एक नीता मॅडमचं, एक जिव्याचं. दोन्हींतलं एकही खरं म्हणून पुढं करायला तिची जीभ धजेना.

"मला ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली.

सुकरीनं गोणपाट झटकून वळचणीला टाकलं. "दिवस घाला," ती म्हणाली. "थाळी हिला लावू दे. पन उजेडात लाव, पोरी. ती अंधाराला भ्यायची."

रीत रात्रभराची होती, पण कुणी हरकत घेतली नाही. ठरलेल्या दिवशी सकाळी अंगणात पळसाच्या पानांचा पुतळा केला. दुपारी पुष्पानं थाळीत मेण लावलं, काडी उभी केली. 'हां' म्हणायला जव्हारहून आलेले गौतम सर शेजारी बसले. थाळी लागली आणि तो भुंग्यासारखा आवाज अंगणात फिरायला लागला.

तिनं काळीची कथा बापाच्या रिवाजानं सांगितली. ती जन्मली. हां. ती चालायला शिकली. हां. ती रागावली की हात मागं बांधायची. हां. बायका हसल्या, रडल्या. ती टोळीबरोबर गेली. ती खाडीवर गेली. तिथं बांध होता, बांधावर पाणी आलं. प्रत्येक 'ती' म्हणताना पुष्पाला जीभ जोर लावून वळवावी लागत होती. तिच्याखाली 'मी' तयार होता. जीभ जरा ढिली सोडली असती तर तो बाहेर आला असता.

"ती गेली," पुष्पा म्हणाली.

'हां' आला नाही. गौतम सरांनी चेहरा ओंजळीत झाकला होता. बोटं काडीवर फिरत राहिली, आवाज लांबत गेला, आणि कथा तिथंच उभी राहिली. कुणी 'हां' म्हटल्याशिवाय पुढं नेता येत नव्हती. पुष्पाच्या तळपायांना गार लागायला लागलं, आणि तो गारवा घोट्यापर्यंत चढला.

"हां," सुकरी म्हणाली.

पुष्पानं कथा पुढं नेली आणि ऊन उतरायच्या आत संपवली. पुतळ्याला अग्नी दिला. त्या संध्याकाळी सुकरीनं स्वतःच्या हातानं घराचं दार ओढून घेतलं, असं ढवळूनं नंतर सांगितलं. मायलेकरांचं बोलणं सुरू व्हायला मात्र पुढचा शिमगा उजाडावा लागला.

नाटक पुष्पानं बदललं. आता त्यात कुणीही काळी होत नाही. शेवटची हकिकत थाळीवर, 'ती' म्हणूनच सांगितली जाते. गौतम सर एकदा म्हणाले, "लोक पूर्वीसारखे हलत नाहीत गं." पुष्पा म्हणाली, "नको हलू देत." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पीएच.डी. झाली. प्रबंधात वांगणीच्या खेळाबद्दल दोन परिच्छेद आहेत. संशोधकानं उत्तरदात्याच्या दुःखात हस्तक्षेप केला आणि त्याचे परिणाम झाले, असं त्यांत सरळ लिहिलं आहे. पाण्याचा उल्लेख नाही. नीता मॅडमनी तो मसुदा वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे, मॅडम," पुष्पा म्हणाली. ते बहुतेक खरं होतं. पाय आता क्वचितच गार पडायचे.

पण बातमी पाड्यापाड्यांवर गेली होती. पहिल्यांदा आली पोशी नावाची बाई, मोखाड्याच्या पलीकडून. तिचा नवरा मुंबईकडं वॉचमनच्या कामाला गेला तो दीड वर्ष फोन उचलत नव्हता. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, थाळी लावा. माझा मानूस कुठं हाय तेवढं विचारा." मग एक म्हातारा भावासाठी आला. मग दोघी बहिणी आईसाठी.

पुष्पा त्यांना बसवते. चहा सांगते. थाळी तशी लावत नाहीत, मला काही कळत नाही, हे दर वेळी समजावते. मग समाजशास्त्राचं शिक्षण जिथं उपयोगी पडतं ते करते. हरवल्याची तक्रार कशी लिहायची, शेवटचा फोन कुठून आला होता, सोबत कोण होतं, मुकादम कुणाच्या गावचा. त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाते आणि नोंद झाल्याशिवाय उठत नाही. पोशीचा नवरा असाच सापडला, भिवंडीच्या एका गोदामात, दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटलेला. पोशीनं पुष्पाला पोटभर शिव्या दिल्या आणि मग जांभळांची टोपली आणून दिली.

लोक म्हणतात, मॅडमचा पायगुण चांगला. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितलेली नाही, गौतम सरांनाही नाही. समोरचा माणूस आपल्या हरवलेल्याचं नाव घेतो, वय सांगतो, तो कसा हसायचा ते सांगतो. आणि त्याचं बोलणं चालू असतानाच पुष्पाच्या तोंडात एक शब्द येऊन बसतो. कधी झाडाचं नाव, कधी रंग, कधी नुसतं 'थंडी'. परवा आलेल्या माणसाच्या वेळी 'रूळ' आला.

ती चहाचा घोट घेते, तो शब्द त्याबरोबर खाली ढकलते आणि विचारते, "शेवटचा फोन कधी आला होता, दादा?"